जिराफासाठी सराव

शिरीष टिपणीसला जिराफ मारायचा होता. बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने. आयर्लंडमध्ये पोर्टलीशला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळणारा, घरात कोळी दिसला तरी बायकोला हाक मारणारा हा माणूस. त्याला हे वेड कुठून लागलं, याचा त्याची बायको स्वरूपा बरेच दिवस विचार करायची. पुढे तिने तो विचार सोडून दिला. जिराफ पळून लपणार तरी कुठे, एवढंच तिने एकदा विचारलं होतं. त्यावर शिरीषने लॅपटॉपवर जिराफाच्या बरगड्यांचं चित्र काढून, बाण नेमका कुठे लागायला हवा हे तिला जेवण गार होईपर्यंत समजावून सांगितलं.

सुरुवात साधी होती. गावातल्या एका क्लबात तो रविवारी निशाणाच्या चकतीवर बाण मारायला जायचा. त्यात बऱ्यापैकी जमायला लागल्यावर त्याला चकती कमी वाटू लागली. आयर्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. चकतीवर वाटेल तेवढे बाण मारा, कोणी विचारत नाही. जिवंत प्राण्यावर एकही मारायचा नाही. म्हणून शिरीषसारख्यांना आफ्रिकेत घेऊन जाणारे एजंट असतात. २०१९च्या नाताळात तो स्वरूपाला आणि मुलीला, श्रावणीला, घेऊन दक्षिणेकडच्या एका देशात गेला. शिकार म्हणजे काय, तर कुंपण घातलेलं भलं मोठं शेत, त्यात एक पाणवठा, आणि पाणवठ्याजवळ आधीच बांधून ठेवलेला लाकडी आडोसा. आडोशात फिरती खुर्ची होती, थर्मासमध्ये कॉफी होती. तहानलेलं जनावर पाण्यावर आलं की शिकाऱ्याने बाण सोडायचा. मायलेकी तेव्हा लॉजच्या स्विमिंग पूलवर होत्या. संध्याकाळी शिरीष परत आला तो कुडूची शिंगं धरून गुडघ्यावर बसलेला फोटो घेऊन. कुडू म्हणजे पीळदार शिंगांचं मोठं हरीण. एका बाणात गेलं, असं त्याने सांगितलं आणि दोघींनी मान डोलावली.

कुडूचं मुंडकं नंतर पेटीतून घरी आलं. शिरीषने ते खालच्या छोट्या खोलीत टांगलं. मराठी मंडळाचे अध्यक्ष दिलीप एकदा चहाला आले होते, ते मुंडक्याकडे बघत म्हणाले, "अरे वा, अर्जुनच की." दिलीपना प्रत्येकाला काहीतरी म्हणायची सवय होती; ज्याच्या घरी बटाटेवडे चांगले झाले त्याला ते बल्लवाचार्य म्हणायचे. पण शिरीषने अर्जुन मनावर घेतला.

जिराफाचं बुकिंग २०२०च्या मे महिन्याचं होतं. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं आणि जिराफ वाचला. शिरीषने तारीख पुढे ढकलली. आणि त्याच वर्षी शरद ऋतूत त्या देशाच्या सरकारने शिकारीच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. जिराफाएवढ्या जनावरावर बाण चालवायचा नाही, कुंपणाच्या आत तर कुठल्याच जनावरावर नाही, आणि बाकी ठिकाणी धनुर्धाऱ्याने आधी परीक्षा देऊन दाखवायची. कोणालाही, कुठल्याही देशातून, या मसुद्यावर मत कळवता येणार होतं. एजंटने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं की धंदा बुडायला आला आहे, तुमचा अनुभव सांगा.

कंपनीत बढतीसाठी डावललं गेलं तेव्हा "इट्स ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत चालतंय, असं म्हणून गप्प बसलेला शिरीष या मसुद्यावर मात्र पेटून उठला. रोज रात्री जेवणानंतर तो आपली हरकत लिहायला बसायचा आणि स्वरूपाला वाचून दाखवायचा. त्यात द्रोणाचार्य होते, माशाचा डोळा होता, मावळे होते. मावळे धनुष्यबाणाने जिराफ मारत नसत, हे स्वरूपाच्या ओठांवर आलं होतं. तिने भांडी डिशवॉशरमध्ये लावायला घेतली. शिकाऱ्याची नीती असा एक परिच्छेद होता: मृत्यूची खात्री असल्याशिवाय खरा धनुर्धर प्रत्यंचा सोडत नाही. मंडळाच्या ग्रुपवरही त्याने सगळ्यांना हरकती पाठवायचं आवाहन केलं, आपल्या प्राचीन विद्येवर हा घाला आहे म्हणून. दिलीपनी पसंतीचा अंगठा टाकला. त्यानंतर कोणीतरी तिळगुळासाठी चिक्कीचा गूळ कुठे मिळतो ते विचारलं.

जानेवारीत त्याला कळवण्यात आलं की ऑनलाइन सुनावणीत त्याला तीन मिनिटं बोलायला मिळतील. त्या दिवसापासून तो घरात वेगळाच चालायला लागला, खांदे मागे टाकून. पुन्हा लॉकडाउन लागलेला होता, शाळा बंद होत्या, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. शिरीषकडे मात्र कंपनीचं पत्र होतं. औषधांचा कारखाना अत्यावश्यक सेवेत मोडत होता, त्यामुळे त्याला कोणी अडवत नसे. रात्रपाळी संपवून तो पहाटे यायचा, कधी कधी उशिरा यायचा, बुटांना चिखल असायचा. चाललो जरा, म्हणायचा. स्वरूपा दिवसभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून एका विमा कंपनीचं काम करायची आणि शेजारी श्रावणीची ऑनलाइन शाळा चालायची. बुटांचा विचार करायला तिला वेळ नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी श्रावणी स्कूटर घेऊन घरांच्या मधल्या हिरवळीवर गेली आणि लगेच परत आली. ती अकरा वर्षांची. मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते, तेही इथल्या लीश परगण्याच्या हेलात. हिरवळीवर हरीण आहे आणि त्याच्यात काठी घुसली आहे, असं ती म्हणाली.

स्वरूपा तशीच स्लिपरवर बाहेर गेली. फुटबॉलच्या गोलपोस्टजवळ एक मादी हरीण उभं होतं. गावाबाहेरच्या स्प्रूस झाडांच्या जंगलात असतात त्यांतलं. बाण मागच्या बाजूने पोटात शिरलेला, अर्धा बाहेर. आजूबाजूच्या केसांवर रक्त वाळून काळं झालं होतं, म्हणजे तो आजचा नव्हता. हरीण पळत नव्हतं, ओरडत नव्हतं. चारही पाय फाकवून उभं होतं आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या तोंडातून वाफ येत होती. घराघरांतून माणसं दारात येऊन थांबली होती. कोणीतरी वन्यजीव खात्याला फोन केला. मेव्ह नावाची एक रेंजर बाई जीप घेऊन आली, तिने सगळ्यांना घरात जायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने गोळीचा एकच आवाज झाला. श्रावणीने वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं. तिला खिडकीतून बाजूला घ्यायला स्वरूपा वर गेली तेव्हा पलीकडच्या खोलीत शिरीष उभा होता. तोही हिरवळीकडे बघत होता. मग त्याने पडदा ओढला आणि परत झोपायला गेला.

दुपारपर्यंत वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागला होता. गावाच्या टोकाला ट्रॅव्हलर्सची वस्ती आहे, कारवानांची, म्हणजे चाकांवरच्या घरांची. ट्रॅव्हलर्स हा आयर्लंडचाच फिरस्ता समाज, पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेला. हे त्यांचंच काम, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, आणखी कोणाचं असणार. मग शिरीषचा मेसेज आला. या लोकांना ना प्राण्यांची किंमत ना कायद्याची, आणि मी स्वतः तिरंदाज आहे म्हणून खात्रीने सांगतो, शिकलेला तिरंदाज असलं काम करणार नाही. त्याखाली भराभर अंगठे उमटले. या वसाहतीत राहायला आल्यापासून शिरीषच्या कुठल्याही बोलण्याला इतके अंगठे मिळाले नव्हते.

त्या अंगठ्यांच्या खालीच कोणीतरी बाणाचा फोटो टाकला. रेंजरने तो गुंडाळण्याआधी जवळून काढलेला. काळी कार्बनची काडी, आणि टोकाला प्लास्टिकची तीन पिसं, दोन भगवी आणि एक पांढरं.

ती पिसं स्वरूपाने चिकटवली होती. दिवाळीच्या दिवसांत, त्याच जेवणाच्या टेबलावर. शिरीषच्या हाताला गोंदाचं काम जमत नाही, पिसं वाकडी बसतात, म्हणून त्याने तिला बसवलं होतं. भगवा रंग त्याने मुद्दाम मागवला होता.

ती वर गेली. शिरीष पलंगावर बसून फोनवर ग्रुपच वाचत होता. तिने फोटो त्याच्यापुढे धरला. तो आधी म्हणाला की असली पिसं कोणीही मागवू शकतो. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याने तो मुद्दा सोडला. हरीण ऐन वेळी हललं, असं त्याने सांगितलं. क्लबातलं सरावाचं फोमचं जनावर हलत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. सुनावणीत कोणी विचारलं की अलीकडे सराव आहे का, तर काय सांगणार? मागावर गेलो होतो, पण उजाडलं, मीटिंग होती. हे सगळं तो, एखाद्या बॅचमध्ये काय बिघडलं ते मॅनेजरला सांगावं तसं, शांतपणे सांगत होता.

"आणि त्या लोकांवर ढकललंस ते?" स्वरूपाने विचारलं.

"मी कुठे ढकललं? लोक आधीच म्हणत होते," शिरीष म्हणाला. "त्यांच्यावर शंभर गोष्टींचा आळ असतो, त्यात ही एक. त्यांना काय फरक पडतो? आपल्याकडचे पारधी असतात तसेच ते."

स्वरूपा श्रीगोंद्याची. गावात कोणाची कोंबडी जरी गेली तरी पोलीस आधी माळावरच्या पारध्यांच्या पालांवर जायचे, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिच्या शाळेतली एक मुलगी तशा एका सकाळनंतर शाळेत आलीच नाही. हे शिरीषला तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तो विसरला होता की लक्षात ठेवून बोलत होता, हे तिला कळेना, आणि दोन्हींत फारसा फरक नाही असंही तिला वाटलं.

शेवटी त्याने खरी गोष्ट काढली. तिघांच्या नागरिकत्वाचे अर्ज गेलेले होते. चारित्र्य चांगलं असावं ही त्यातली अट. हे बाहेर आलं तर फक्त त्याचंच अडणार नाही, स्वरूपाचं आणि श्रावणीचंही अडेल. तेव्हा तिने विचार करावा. एवढं सांगून त्याने चहा मिळेल का विचारलं.

स्वरूपाने विचार केला, तीन-चार दिवस केला. तिला भीती वाटत होती, हे खरं आहे. घराचं कर्ज दोघांच्या नावावर, मुलगी इथल्याच मातीत वाढलेली. ती स्वतःशी म्हणायची की हरीण तर मेलं, आता कोणाचं काय जाणार आहे. मग बुधवारी ती पाय मोकळे करायला निघाली आणि चालत चालत गावाच्या टोकाला गेली. ट्रॅव्हलर्सच्या वस्तीच्या फाटकाशी एक पन्नाशीची बाई कारवानच्या दाराखालची काच झाडून गोळा करत होती. खिडकी फुटली होती आणि आत कोणीतरी लहान मूल खोकत होतं. बाईने वर पाहिलं, रस्ता चुकलात का, असं विचारलं. नाही, म्हणून स्वरूपा पुढे गेली. परत येताना तिला दुसरा रस्ता नव्हता, पुन्हा तिथूनच यावं लागलं. बाईने तेव्हा मान वर केली नाही.

सुनावणी गुरुवारी संध्याकाळी होती. शिरीष छोट्या खोलीत कुडूच्या मुंडक्याखाली बसला. वर ब्लेझर, टाय. टेबलाखाली घरातली ट्रॅकपँट आणि लोकरी मोजे. दार लोटलेलं होतं, पण तो इतक्या मोठ्याने बोलत होता की स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येत होता. पाच हजार वर्षांची परंपरा, असं तो म्हणाला. धनुर्धर हा जंगलाचा खरा मित्र. मृत्यूची खात्री असल्याशिवाय तो बाण सोडत नाही, आणि बाण सुटला की जनावराला काही कळायच्या आत सगळं संपतं.

श्रावणी टेबलाशी गणित करत होती. तिने पेन्सिल थांबवली. बाबा हे कोणाला सांगतोय, असं तिने इंग्रजीत विचारलं. आणि मग म्हणाली, पण आई, ते हरीण तर किती तरी वेळ उभंच होतं.

बाण कोणाचा हे तिला माहीत नव्हतं. तिला फक्त दिसलं होतं ते ती सांगत होती. स्वरूपा उठली, मागचं दार उघडून अंगणात गेली आणि रेंजरला फोन लावला. आतून शिरीषचा आवाज येतच होता. त्याची तीन मिनिटं संपली तरी तो थांबेना, शेवटी सुनावणीच्या अध्यक्षांनी त्याचा माइक बंद केला. शिरीषला ते कळलं नाही. तो बंद माइकवर आणखी बराच वेळ बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी मेव्ह एका गार्डाला, म्हणजे इथल्या पोलिसाला, बरोबर घेऊन आली. शिरीषने त्यांचं हसून स्वागत केलं, दोघांनी मास्क लावलेले असूनही बिस्किटं पुढे केली. मेव्हने धनुष्य बघायला मागितलं. त्याने ते दाखवलं आणि त्यावर माहितीही दिली. बाणांचा भाता तिने उघडला, भगवी पिसं सगळ्यांना दिसली. मग शिरीषचं हसू थोडं हललं. गॅरेज उघडंच असतं, तो म्हणाला. कोणीही येऊन बाण उचलू शकतं. त्या वस्तीवरचे लोक भंगार मागायला येतात, हे त्यांना माहीत असेलच. मेव्ह काही बोलली नाही, तिने नुसतं लिहून घेतलं. ती बोलत नाही हे त्याला सहन झालं नाही. मग त्याने स्वरूपाकडे हात केला. तसं बघायला गेलं तर बाण हीच तयार करते, तो म्हणाला. पिसं हिनेच लावलेली आहेत. माझा त्यांच्याशी तेवढा संबंध नसतो.

स्वरूपाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, पण राग यायलाही समोर माणूस लागतो. पायात लोकरी मोजे घातलेलं काहीतरी तिथे उभं होतं आणि तिच्याकडे बोट दाखवत होतं.

"हो, पिसं मी चिकटवली," ती मेव्हला म्हणाली. "बाण त्याने मारला. शनिवारी दुपारी त्याने स्वतः मला सांगितलं. हरीण जखमी होऊन पळालं, आणि हा मीटिंग आहे म्हणून घरी आला."

मेव्हने धनुष्य, भाता, सगळं उचललं. जाताना ती स्वरूपाला म्हणाली की कोर्टात कदाचित हेच पुन्हा सांगावं लागेल. स्वरूपा म्हणाली, सांगेन.

सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात खटला उभा राहिला तेव्हा शिरीषने गुन्हा कबूल केला, कारण वकिलाने तोच सल्ला दिला. दंड झाला, धनुष्य जप्त झालं. नागरिकत्वाच्या अर्जांचं अजून काही कळलं नव्हतं. स्थानिक पेपरात छोटी बातमी आली, त्यात आडनाव चुकीचं छापलं होतं, आणि या एका चुकीबद्दल शिरीष पुढे कित्येक दिवस आनंदात होता. मंडळातल्या लोकांना त्याने सांगितलं की हा सरळ सरळ वंशभेद आहे. आयरिश माणसाने मारलं असतं तर कोणी विचारलं नसतं. दिलीप म्हणाले, खरंय, खरंय. वसाहतीच्या ग्रुपवर त्या बातमीची लिंक कोणीतरी टाकली. तिच्याखाली कोणी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यांवरून भांडण सुरू झालं आणि लिंक वर सरकून गेली. ट्रॅव्हलर्सबद्दल जे लिहिलं होतं ते कोणी पुसलं नाही.

तिकडे त्या देशाने मसुद्यावर मतं पाठवायची मुदत वाढवली. एजंटने शिरीषला कळवलं की त्याचं भाषण फार प्रभावी झालं, मात्र यापुढे त्याचं नाव कुठे न वापरलेलं बरं. यातलं पहिलं वाक्य शिरीषने स्वरूपाला वाचून दाखवलं. दुसरं तिने नंतर त्याच्या खांद्यावरून वाचलं. तोपर्यंत तिने नावन नावाच्या दुसऱ्या गावात एक छोटं घर भाड्याने बघून ठेवलं होतं. शाळा सुरू व्हायच्या आत ती आणि श्रावणी तिकडे जाणार होत्या. शिरीषला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, मग इथलं प्रेसमधलं सामान कोण आवरणार? इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

जाण्याआधी एका दुपारी स्वरूपा त्या वस्तीवर गेली. पन्नाशीची ती बाई बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होती. खिडकीला नवी काच बसली होती. स्वरूपाने आपलं नाव सांगितलं, आपण कुठे राहतो ते सांगितलं, आणि म्हणाली की ते हरीण माझ्या नवऱ्याने मारलं होतं, तुमच्यापैकी कोणी नाही. बाईने ऐकून घेतलं. तोंडातला चिमटा काढून एका शर्टाला लावला.

"ते आम्ही मारलं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," स्वरूपा म्हणाली.

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. काच फुटली तो दिवस कुठला आणि ही बाई फाटकावरून गेली तो दिवस कुठला, हे ती बहुधा मनात जुळवत होती. मग तिने टोपलीतली ओली चादर उचलली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं स्वरूपाच्या हातात दिलं, आणि दोघींनी मिळून ती पिळली. चादर दोरीवर पडल्यावर बाईने आभार मानले नाहीत, बसाही म्हटलं नाही. स्वरूपा ओले हात पुसत फाटकाबाहेर पडली.